क्षणदीप प्रज्वलन, बिनतारी

छायाचित्रणात कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला क्षणदीप (क्षणमात्र तीव्र प्रकाश देणारा दिवा) कॅमेऱ्याची झडप उघडी असतानाच, तारेच्या जोडणीविना, पेटविण्याची पद्धती. या दिव्याला व्यवहारात फ्लॅश असे म्हणतात. दिव्याला द्यावयाचा संकेत दृश्य प्रकाश, अवरक्त किरण (वर्णपटातील तांबड्या रंगाच्या अलीकडील अदृश्य किरण) किंवा रेडिओ तरंग यांच्या द्वारे पाठविण्यात येतो.

कॅमेऱ्यालाच जोडलेल्या क्षणदीपाचा प्रकाश भिंगाच्या दिशेनेच वस्तूवर पडतो. त्यामुळे वस्तूची छाया तिच्याच मागे दडते व चित्रात उठाव येत नाही. चेहरा सपाट दिसतो, चष्म्याच्या काचेवर दिव्याचे प्रतिबिंब उमटते आणि डोळ्याच्या जालपटलावरून परत फिरलेल्या प्रकाशामुळे बाहुल्या तांबड्या दिसतात. तोच दिवा बाजूला नेला, तर नाक, गाल व कपाळ यांचे चढउतार छायेमुळे स्पष्ट होतात. कापडाचा पोत दिसतो आणि मागील भिंतीपासून व्यक्ती वेगळी उठून दिसते. तथापि दिवा दूर नेला की, झडप नेमकी केव्हा उघडली ही वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचविणे आवश्यक होते. ही वार्ता नेणाऱ्या साधनांमध्ये होत गेलेला बदल हाच या पद्धतीचा इतिहास होय. प्रारंभी या वार्तेत प्रकाश केव्हा द्यावयाचा एवढेच सांगितलेले असे. पुढे प्रकाश किती द्यावयाचा हेही सांगता येऊ लागले.

प्रारंभीचा काळ : क्षणिक प्रकाशाच्या साहाय्याने छायाचित्र घेण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट यांनी १८५१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केला. वेगाने फिरणाऱ्या चाकावर द टाइम्स  या वृत्तपत्राचा तुकडा चिकटवून त्यांनी खोलीत अंधार केला, कॅमेऱ्याचे भिंग उघडे ठेवले आणि लायडन पात्रांच्या संचातून विद्युत् ठिणगी पाडली. ठिणगीच्या अत्यल्प काळात उमटलेल्या चित्रात फिरत्या कागदावरील अक्षरे वाचता येत होती. या प्रयोगात झडप व दिवा यांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. भोवती अंधार असल्यामुळे भिंग किती वेळ उघडे राहिले याला महत्त्व नव्हते. चित्राचा काळ ठिणगीनेच ठरविला. यामुळेच पुढील सु. पाऊण शतक दिवा कॅमेऱ्यापासून कितीही दूर ठेवता येत असे व त्यासाठी तारेची गरज भासत नसे.

मॅग्नेशियम धातूची तार किंवा फीत जाळून मिळणाऱ्या पांढऱ्या प्रखर प्रकाशात मँचेस्टर येथील ॲल्फ्रेड ब्रदर्स यांनी १८६४ मध्ये व्यक्तिचित्र घेतले. चार्ल्स पिआझ्झी स्मिथ यांनी १८६५ मध्ये ईजिप्तमधील मोठ्या पिरॅमिडच्या अंतर्भागाची छायाचित्रे मॅग्नेशियमच्या प्रकाशात घेतली. ही फीत सावकाश जळत असल्यामुळे तिला क्षणदीप म्हणता येणार नाही. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे व योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी, पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण तयार केले. ते क्षणात भडकून जळत असे. न्यूयॉर्कमधील पत्रकार जेकब रीस यांनी या भुकटीचा उपयोग करून तेथील गरीब वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्यांची छायाचित्रे घेतली व त्यांवर आधारलेला हाऊ द अदर हाफ लिव्ह्‌ज हा ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाही जेथे उजेड पोहोचत नसे, तेथील राहणीचा पुरावा क्षणदीपामुळेच शहराला प्रथम पहावयास मिळाला. मात्र हे मिश्रण स्फोटक होते. त्याचा धूर खोलीत दाटत असे, ठिणग्यांमुळे आगी लागत आणि ते हाताळणाऱ्यांना गंभीर इजा होत असत. रीस यांच्या हातूनही अशा आगी लागल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे.

वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणात दिवा पेटविण्याचे काम प्राण्याकडेच सोपविण्यात आले. अमेरिकेतील जॉर्ज शायरस (तिसरे) यांनी प्राण्यांच्या वाटेवर दोरी आडवी बांधून, तिला धक्का लागताच झडप व भुकटी या दोहोंना चालना मिळेल अशी योजना केली. त्यांनी रात्री व दिवसा घेतलेली ७४ छायाचित्रे नॅशनल जिऑग्राफिक या मासिकाच्या जुलै १९०६ च्या अंकात प्रसिद्ध झाली. भारतात संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चँपियन यांनी हीच पद्धती वापरून मोकळ्या रानातील वाघांची रात्रीची छायाचित्रे मिळविली. विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड हा त्यांचा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकारीला प्रतिष्ठा असलेल्या त्या काळात वाघ न मारता त्याची नोंद मिळविण्याचा हा मार्ग होता.

क्षणदीप बल्ब व समकालन : उघडी भुकटी जाळण्यातील धोका काचेच्या बंद फुग्यामुळे टळला. जर्मनीत पाउल फीरकॉटर यांनी १९२५ मध्ये या कल्पनेचे एकस्व (पेटंट) घेतले आणि १९२९ मध्ये योहानेस ओस्टरमायर यांनी सुधारलेला, ऑक्सिजनात ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख जाळणारा बल्ब व्हॅक्युब्लिट्झ या नावाने बाजारात आला. हा बल्ब विजेच्या अल्प प्रवाहाने पेटत असल्यामुळे झडपेच्या यंत्रणेतच विद्युत् स्पर्शक बसविणे शक्य झाले. झडप व दिवा यांचे कार्य एकाच वेळी घडवून आणण्याच्या या क्रियेला समकालन म्हणतात. त्यामुळे छायाचित्रकाराला अंधाराची वाट पाहण्याची गरज उरली नाही. त्याबरोबरच कॅमेरा व दिवा तारेने परस्परांशी बांधले गेले.

तारेच्या जोडणीतून काय साध्य होते व त्यासाठी किती श्रम पडतात, याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक यांचे कार्य होय. नॉर्फक अँड वेस्टर्न या रेल्वेवरील वाफेची एंजिने सेवेतून जात असताना १९५५ ते १९६० या काळात त्यांनी त्यांची रात्रीची छायाचित्रे घेतली. १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील ईएगर येथे घेतलेल्या त्यांच्या प्रसिद्ध चित्रासाठी ४३ बल्ब वापरण्यात आले. मार्गाच्या कडेने, झाडांमागे व इमारतींलगत ठेवलेल्या अशा बल्बांपर्यंत तारा अंथराव्या लागत. वेगाने जाणारी गाडी पुन्हा मागे येत नसे आणि एकदा पेटलेला बल्ब निरुपयोगी होई. एखादी जोडणी सैल राहिली, तर त्या रात्रीचे सर्व श्रम वाया जाण्याचा संभव असे.

इलेक्ट्रॉनीय क्षणदीप व प्रकाशविद्युत् प्रज्वलन : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील हॅरल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास वायूने भरलेल्या नळीतून धारित्राचे (विद्युत् भार साठविणाऱ्या साधनाचे) विसर्जन करून अत्यल्प काळाचा प्रकाश मिळविण्याचे तंत्र विकसित केले. या तंत्रातूनच पुढे झेनॉन वायूची नळी असलेला आधुनिक क्षणदीप तयार झाला. त्यातील ठिणगीचा काळ सामान्यतः १/१,००० सेकंद किंवा त्याहूनही कमी असतो व तोच दिवा हजारो वेळा वापरता येतो.

या दिव्याच्या शीघ्रतेमुळे तारेविना प्रज्वलन शक्य झाले. क्षणदीप बल्बाचा प्रकाश कमाल मर्यादेला पोहोचण्यास सु. १/५० सेकंद लागत असे. त्यामुळे एका बल्बाचा प्रकाश पाहून दुसरा पेटविल्यास, झडपेचा काळ अल्प असताना, दुसऱ्याचा प्रकाश उशिरा येई. इलेक्ट्रॉनीय दिव्यात हा विलंब जवळजवळ नसतो. म्हणून मुख्य दिव्याच्या प्रकाशानेच दुसऱ्या, म्हणजे अनुगामी, दिव्याला चालना देणे सोयीचे ठरले. यासाठी अनुगामी दिव्याला प्रकाशविद्युत् घट (प्रकाश पडताच विद्युत् प्रवाह निर्माण करणारे किंवा त्यात बदल घडविणारे साधन) जोडण्यात येतो. त्याच्या मंडलातील धारित्रामुळे खोलीतील स्थिर प्रकाशाचा परिणाम वगळला जातो आणि केवळ प्रकाशातील आकस्मिक वाढीलाच मंडल प्रतिसाद देते. प्रारंभी या मंडलात वायुयुक्त नळ्या असत; पुढे त्यांची जागा सिलिकॉनयुक्त अर्धसंवाहक साधनांनी घेतल्यावर हे उपकरण बोटाच्या पेराएवढे लहान झाले.

या व्यवस्थेत वेगळ्या प्रेषकाची गरज नसते, हा तिचा मोठा लाभ होय. परंतु अनुगामी दिव्याला आपला स्वामी ओळखता येत नाही. समारंभात कोणत्याही पाहुण्याने छायाचित्र घेतले, तरी भिंतीजवळ ठेवलेला दिवा पेटतो आणि नेमक्या क्षणी त्याच्या धारित्रात पुरेसा भार उरत नाही. उन्हामध्ये घटाला प्रकाशातील लहान वाढ जाणवत नाही, तसेच खांबाच्या किंवा भिंतीच्या आड ठेवलेल्या दिव्यापर्यंत संकेत पोहोचत नाही. मुख्य दिव्याचा प्रकाश चित्रात नको असेल, तर त्यावर अवरक्त किरणांखेरीज इतर प्रकाश अडविणारी गाळणी बसवितात. मुळीच प्रकाश न लागलेल्या पण विकसन केलेल्या रंगीत पारदर्शिका-फिल्मचा काळा तुकडाही या कामी उपयोगी पडतो.

प्रकाशाच्या मात्रेचे नियंत्रण : वरील सर्व पद्धतींत दूरच्या दिव्याची शक्ती आधीच ठरवावी लागे. १९६० नंतरच्या दशकात वस्तूवरून परत आलेला प्रकाश पुरेसा होताच आपोआप विझणारे क्षणदीप उपलब्ध झाले. १९७५ मध्ये ऑलिंपस कंपनीच्या ओएम-२ या कॅमेऱ्यात, भिंगातून येऊन फिल्मवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे चित्र उमटत असतानाच मापन करून क्षणदीप विझविण्याची सोय करण्यात आली. चित्रासाठी प्रत्यक्ष वापरला जाणारा प्रकाशच मोजला जात असल्यामुळे दिवा कोठेही ठेवला, तरी मापन बिनचूक होऊ लागले. मात्र विझण्याची आज्ञा दिव्यापर्यंत नेण्यासाठी अनेक पदरी तार पुन्हा आवश्यक झाली. दिव्याला केव्हा पेटावयाचे हे प्रकाशाने सांगता येत होते. केव्हा थांबावयाचे हे सांगण्यासाठी अधिक सविस्तर संकेताची गरज होती.

ही उणीव १९९० नंतरच्या दशकात दूर झाली. दशकाच्या प्रारंभी जपानमधील मिनोल्टा कंपनीने आपल्या एक्सआय मालिकेतील कॅमेऱ्यांसाठी भिंगातून मापन करणारी बिनतारी व्यवस्था उपलब्ध केली. कॅनन कंपनीचा ५५०ईएक्स हा क्षणदीप १९९८ मध्ये आला, तर निकॉन कंपनीने अशी व्यवस्था एसबी-८०० या क्षणदीपासह २००३ मध्ये प्रचारात आणली. या प्रकारच्या व्यवस्थांत कॅमेऱ्यावरील आज्ञापक दिवा मुख्य चित्रापूर्वी अत्यल्प काळाचे अनेक प्रकाशस्पंद सोडतो. त्यांच्या क्रमात सांकेतिक आज्ञा असते. तिच्यानुसार प्रत्येक दूरचा दिवा प्रथम अल्प शक्तीने पेटतो. कॅमेरा त्या पूर्वदीप्तीचे मापन करतो, आवश्यक शक्ती ठरवितो आणि ती कळवून शेवटी मुख्य प्रज्वलनाचा संकेत देतो. हे सर्व पापणी लवण्याच्या आत घडते. दिव्यांचे गट पाडून एकाला अधिक व दुसऱ्याला कमी प्रकाश देण्याची आज्ञाही कॅमेऱ्यापाशी उभे राहून देता येते.

पूर्वदीप्तीमुळे साध्या अनुगामी दिव्यांपुढे मात्र नवी अडचण उभी राहिली. पहिल्याच स्पंदाला ते पेटत व झडप उघडेपर्यंत विझून जात. म्हणून पूर्वीचे स्पंद मोजून शेवटच्याच स्पंदाला प्रतिसाद देणारी मंडले तयार करण्यात आली. असे असले, तरी ऊन व आडोसा या प्रकाशसंकेताच्या मूळ मर्यादा कायम राहिल्या.

रेडिओ तरंगांचा वापर : रेडिओ तरंगांना उन्हाचा अडथळा होत नाही व साधारण भिंतींतून ते पलीकडे जाऊ शकतात. कॅमेऱ्यावर प्रेषक व दिव्याजवळ ग्राहक अशी रेडिओ-व्यवस्था व्यावसायिक छायाचित्रकारांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत स्वीकारली. तिची निकड बंदिस्त क्रीडागारांत विशेष जाणवली. तेथे शक्तिशाली क्षणदीप छताजवळ बसविलेले असतात. तेथपर्यंत तारा नेणे अवघड असते आणि प्रेक्षकांच्या क्षणदीपांमुळे प्रकाशविद्युत् घट निरुपयोगी ठरतात. शिवाय एकाच सामन्यास अनेक वृत्तपत्रांचे छायाचित्रकार उपस्थित असतात. प्रत्येकाला वेगळी वाहिनी व सांकेतिक अंक दिल्यास दुसऱ्याच्या संकेताने त्याचा दिवा पेटत नाही. अमेरिकेतील एलपीए डिझाइन या संस्थेची पॉकेटविझर्ड ही उपकरणे या क्षेत्रात विशेष प्रसिद्धीस आली.

निरनिराळ्या देशांत रेडिओ कंप्रतांसंबंधीचे नियम भिन्न असल्यामुळे ही उपकरणे अमेरिकेसाठी ३४४ मेगॅहर्ट्झच्या, तर यूरोपसाठी ४३३ मेगॅहर्ट्झच्या परिसरातील कंप्रतांवर चालणारी करावी लागली. एका प्रदेशातील प्रेषक दुसऱ्या प्रदेशातील ग्राहकाबरोबर वापरता येत नसे. अमेरिकेने १९८५ मध्ये २.४ गिगॅहर्ट्झच्या परिसरातील पट्ट्यासह काही कंप्रता परवान्याविना संदेशवहनासाठी खुल्या केल्या होत्या. भारत सरकारने २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगॅहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. हा पट्टा जगातील बहुतेक देशांत उपलब्ध असल्यामुळे त्यावर चालणारे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर व अल्प किमतीत मिळू लागले. विशेषतः चीनमध्ये तयार होणाऱ्या उपकरणांमुळे पूर्वी मोठ्या वृत्तसंस्थांपुरती मर्यादित असलेली ही सोय लहान गावांतील छायाचित्रण-व्यावसायिकांच्याही आवाक्यात आली.

प्रारंभीच्या रेडिओ-व्यवस्थेत केवळ पेटण्याचाच संकेत जात असे. मात्रेची माहिती जात नसे. हे दोन्ही प्रवाह २०१० च्या आसपास एकत्र आले. पॉकेटविझर्डच्या २००९ मधील उपकरणांनी कॅमेऱ्याची मापनविषयक माहिती रेडिओद्वारे पाठविण्यास प्रारंभ केला. कॅननच्या २०१२ मधील ६००ईएक्स-आरटी या क्षणदीपात प्रेषक व ग्राहक दिव्याच्या आतच बसविण्यात आले. त्याच्या व्यवस्थेत सु. ३० मी. अंतरापर्यंत, पाच गटांत विभागलेले जास्तीत जास्त १५ दिवे नियंत्रित करता येतात. निकॉनचा रेडिओयुक्त एसबी-५००० हा दिवा २०१६ मध्ये आला.

मर्यादा व दक्षता : रेडिओ तरंगांना ३० मी. अंतर जाण्यास एका सेकंदाचा सु. एक कोट्यंश काळ लागतो. तो नगण्य होय. संकेताचे सांकेतिक रूपांतर व उकल यांस मात्र त्याहून पुष्कळच अधिक, काही उपकरणांत एक सहस्रांश सेकंदाच्या जवळपास, काळ लागतो. पडदा-झडप असलेल्या कॅमेऱ्यात संपूर्ण चित्रचौकट एकाच वेळी सामान्यतः १/२५० सेकंद किंवा त्याहून दीर्घ काळाच्या दर्शनातच उघडी असते. या मर्यादेजवळ काम करताना संकेतास विलंब झाला, तर दुसरा पडदा पुढे सरकलेला असतो व चित्राच्या कडेला काळा पट्टा उमटतो.

जुन्या क्षणदीपांच्या स्पर्शकांवर २०० व्होल्टपेक्षा अधिक विद्युत् दाब असू शकतो. असा दिवा आधुनिक कॅमेऱ्यास थेट जोडल्यास त्यातील इलेक्ट्रॉनीय मंडल निकामी होण्याचा संभव असतो. बिनतारी व्यवस्थेत दिवा व कॅमेरा यांमध्ये विद्युत् जोडणीच नसल्यामुळे कॅमेऱ्याचा हा धोका टळतो. मात्र ग्राहक तेवढा दाब सहन करू शकणारा असावा लागतो.

पाणी २.४ गिगॅहर्ट्झच्या तरंगांचे मोठ्या प्रमाणावर शोषण करते. त्यामुळे माणसांची दाट गर्दी व ओली झाडी यांतून संकेताचा पल्ला कमी होतो आणि पाण्याखाली तर ही पद्धती निरुपयोगी ठरते. पाण्याखालील छायाचित्रणात कॅमेऱ्याच्या लहान दिव्याचा प्रकाश प्रकाशीय तंतूमधून बाहेरच्या मोठ्या दिव्यापर्यंत नेऊन तो पेटवितात. प्रकाशानेच प्रकाशाला चालना देण्याची जुनी पद्धती तेथे आजही उपयुक्त ठरली आहे.

वन्यजीव छायाचित्रणातील उपयोग : शायरस व चँपियन यांच्या आडव्या दोरीची जागा आता बहुधा अवरक्त किरणांच्या शलाकेने किंवा प्राण्याच्या शरीरोष्णतेला प्रतिसाद देणाऱ्या संवेदकाने घेतली आहे. याच तत्त्वावरील स्वयंचलित कॅमेऱ्यांचा उपयोग के. उल्हास कारंत यांनी १९९० नंतरच्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे, पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधण्यासाठी केला.

दिवे कॅमेऱ्यापासून वेगळे ठेवता येण्याचे महत्त्व मुंबईतील एका छायाचित्रावरून स्पष्ट होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्तीतील गल्लीतून रात्री जाणाऱ्या बिबट्याचे नयन खानोलकर यांनी घेतलेले छायाचित्र लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमतर्फे भरविल्या जाणाऱ्या वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत २०१६ मध्ये नागरी विभागात पहिले आले. त्यातील क्षणदीप गल्लीत नेहमी असणाऱ्या उजेडाशी मिळताजुळता प्रकाश पडेल अशा रीतीने मांडलेले होते. दिवा कॅमेऱ्यावर असता, तर चित्रात समोरून उजळलेला केवळ एक प्राणी दिसला असता. दिवे वेगळे ठेवल्यामुळे माणसांची वस्ती व तिच्यातून वाट काढणारा बिबट्या हे दोन्ही एकाच चित्रात आले आणि त्यांच्या सहवासाची नोंद झाली.